सराफ बाजारातल्या वाड्यातलं ड्रेसिंग टेबल इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आणावं का?

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांत आमचा नाशिकच्या सराफ बाजारामागचा वाडा रिकामा करायचाय. बिल्डरशी करार झालाय, भाडेकरू गेले, सामानाची वाटणी चालू आहे. तांब्यापितळेची भांडी, देवघर, जातं या सगळ्याला घरातून मागणी आली. कुणालाच नको असलेली एकच मोठी वस्तू उरलीय, ती म्हणजे आजेसासूबाईंचं ड्रेसिंग टेबल. भंगारवाला अडीच हजार देतो म्हणाला. आरसा डागाळलाय म्हणून एवढेच, असंही वर सांगून गेला.

वर्णन देते. लाकूड जवळजवळ काळं दिसतं. रुंदी ४२ इंच, खोली २० इंच, फळीची जमिनीपासून उंची २८ इंच. फळीवर दोन्ही कडांना छोटे दोन-दोन खण, त्यांच्या मधोमध दोन खांब आणि त्यात पुढे-मागे झुकणारा लंबगोल आरसा, साधारण २४ बाय ३६ इंचांचा. फळीखाली एक रुंद खण, त्याची एक पितळी मूठ गायब. पाय गोल, कातीव. पायांचे तळ मात्र काळे पडून फुगलेत, कारण टेबल तळमजल्यावर माजघरात होतं आणि त्यानं २००८ चा पूर पाहिलाय, २०१६ चाही पाहिलाय. २०१६ ला घरात फूटभर पाणी होतं.

आमची बेडरूम १० बाय ११. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये ४४ इंच भिंत मोकळी आहे. तिथे नवं करायचं ठरत होतं: प्लायचं, भिंतीला टांगलेलं, लाइटवाला आरसा, सुतारानं २४ हजार सांगितलेत. मुलगी दहावीत आहे, तिला तेच हवंय. नवरा म्हणतो तू ठरव. सासूबाई म्हणतात, त्या वाड्यातलं काही नेऊ नका, पसारा नको. पण लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला मी याच आरशासमोर नऊवारी नेसले होते. त्यामुळे हात होत नाहीये.

लाकूड कोणतं हे कसं ओळखायचं? आरशाचं काय करायचं? आणि एवढ्याशा खोलीत हे सुखानं राहील का?

-----

रंधा | रविवार, रात्री १०:३५

ताई, भंगारवाल्याला आधी थांबवा. आमचा सातपूरला लाकूडकामाचा वर्कशॉप आहे, वडिलांपासून. सांगतो ते उद्या दिवसाउजेडी करून बघा.

वरचा रंग पाहून लाकूड ओळखू नका. त्या काळी चपड्यात, म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये, रंग घालून सागालाही शिसवीसारखं काळं करायचे. छोटा खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे लाकूड नैसर्गिक रंगात दिसेल. सोनेरी-तपकिरी आणि हाताला किंचित तेलकट लागलं, जवळ नाक नेल्यावर जुन्या चामड्यासारखा वास आला, तर साग. जांभळट-तपकिरी, त्यात काळ्या रेघा आणि खण हातात घेतल्यावर 'अरे, एवढा जड?' असं वाटलं, तर शिसवी. सागाचं वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो, शिसवीचं साडेआठशेच्या आसपास, म्हणजे फरक हाताला कळतोच.

एक इशारा सगळ्यांसाठीच. ऑनलाइन 'रोझवूड' म्हणून जे फर्निचर येतं ते बहुतेक वेळा उत्तरेकडचं शीशम असतं. चांगलं लाकूड आहे, पण आपली घाटातली शिसवी ती नव्हे.

मग खणाचा कोपरा बघा. पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या दातांनी अडकवलेली असेल, त्याला डव्हटेल म्हणतात. दात सगळे एकसारखे असतील तर मशिनचे. एक रुंद, एक अरुंद, जवळून पाहिल्यावर आखणीची बारीक रेघ राहिलेली, असं असेल तर हातानं पटाशी चालवलीय. फोटो टाका. पायांच्या तळाचेही टाका, चारही.

-----

सिडको_दोनबीएचके | सोमवार, सकाळी ७:१५

मी उलटी बाजू मांडते. चार वर्षांपूर्वी मी माहेरचं असंच टेबल हौसेनं आणलं. पहिले सहा महिने येणारा-जाणारा कौतुक करायचा. पण कपाटाचं दार त्याच्या कोपऱ्याला आपटायचं, बेड आणि टेबल यांच्यातून आडवं होऊन जावं लागायचं, आणि मागची धूळ काढायला दोन माणसं लागायची. शेवटी ते हॉलमध्ये गेलं आणि आता त्याच्यावर वर्तमानपत्रं असतात. मला रोज त्याच्याकडे बघून वाईट वाटतं.

आता माझ्याकडे भिंतीवरचं दहा इंच खोलीचं कपाट आहे, दारालाच आरसा, आत सगळं सामान. केर काढायला खाली मोकळं. सकाळी आठ पाचची बस धरणाऱ्या बाईला हेच सोयीचं आहे. मोजमाप नीट करा, ताई. नुसती टेबलाची रुंदी मोजू नका, स्टूल मागे सरकवून त्यावर माणूस बसलेलं असताना मोजा.

-----

काचवाला_नाशिकरोड | सोमवार, दुपारी २:१०

आरशाबद्दल लिहितो, माझं रोजचं काम आहे. जरा लांबेल.

आधी हे ठरवा की आरसा कोणत्या जातीचा. फार जुने आरसे कथिल आणि पारा यांच्या मिश्रणाचे असत. काचेवर रासायनिक पद्धतीनं चांदी चढवण्याची रीत जर्मनीच्या लीबिगनं १८३५ मध्ये दाखवली, आणि पुढे हळूहळू पाऱ्याचे आरसे बंद झाले. पाऱ्याचा आरसा निळसर-करडा आणि थोडा मंद दिसतो, त्यात बारीक चमचम असते, आणि पाठीला रंगाचा थर नसतो. चांदीच्या आरशात चेहरा उबदार, किंचित पिवळसर दिसतो आणि पाठीवर तांबूस किंवा करडा रंग लावलेला असतो. तुमचं टेबल कातीव पायांचं, झुलत्या आरशाचं आहे, म्हणजे चांदीचाच असण्याची शक्यता जास्त. तरी पाठीमागची फळी काढल्यावर रंग दिसला नाही, खालच्या कडेला चकाकते थेंब दिसले, तर खरवडू नका, हात लावू नका, तशीच फळी बंद करा. पारा आहे, आणि घरात मूल आहे.

दुसरं, काच. नख आरशाला टेकवा. नख आणि प्रतिबिंब यांच्यात जितकी मोठी फट, तितकी काच जाड. मग समोर उभं राहून डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मागच्या दाराची चौकट पाण्यात पाहिल्यासारखी हलली तर ती जुनी ओढीव काच. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच करायची पद्धत इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये जाहीर झाली, त्याआधी इतकी सपाट काच फक्त घासून-पॉलिश करून मिळायची आणि ती महाग असायची. काठाचा उतार बघा. जुना हाती घासलेला बेव्हल रुंद आणि इतका सौम्य असतो की बोटानं शोधावा लागतो. मशिनचा बेव्हल उभा आणि धारदार लागतो.

बेल्जियमची काच आपल्याकडे खूप आली हे खरं, पण पुढे प्रत्येक जाड बेव्हल आरशाला 'बेल्जियन' म्हणायची सवय लागली. त्या शब्दावर किंमत ठरवू नका.

डागांचं म्हणाल तर ती काचेची घाण नाही, मागची चांदी कडेनं ओल खाऊन काळी पडते. पुसून जात नाही. नवी चांदी चढवून मिळते, पण त्यासाठी जुना थर आम्लानं उतरवावा लागतो आणि जुन्या काचेला ओरखडा किंवा तडा जाण्याचा धोका असतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो की चेहरा दिसतो त्या भागात डाग नसतील तर हात लावू नका. रोजचं पुसताना फवारा आरशावर मारू नका, फडक्यावर मारा. पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि डाग तिथूनच चढत जातात.

-----

इंदिरानगर_जॉगिंगट्रॅक | सोमवार, दुपारी ३:३०

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय येऊ घातलाय.

-----

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आज शाळेतून परस्पर वाड्यावर गेले.

छोट्या खणांच्या आतलं लाकूड सोनेरी-तपकिरी आहे, वास आला, म्हणजे साग असावा. दात वेडेवाकडे आहेत, आखणीची रेघ आहे. रुंद खणाचे दातही तसेच. आरशामागची फळी नवऱ्यानं काढली, तांबूस रंग आहे, थेंब वगैरे काही नाही. दाराची चौकट हलते! इतकी वर्षं पाहतेय, कधी लक्षात आलं नव्हतं. डाग खालच्या चार-पाच बोटांत आहेत, वर एकदम स्वच्छ.

पायांचे फोटो टाकलेत. उजेड कमी होता.

सिडको ताई, स्टूल धरून मोजलं. बेडच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत ५४ इंच आहेत. टेबल २०, बसलेलं माणूस २४, उरले १०. कपाटाचं दार मात्र टेबलाला लागत नाही, कपाट सरकत्या दारांचं आहे.

-----

देवळाली_कॅम्प | सोमवार, रात्री ११:२०

अशी टेबलं आपल्याकडे कुठून आली यावर थोडं. देवळाली ब्रिटिशांची छावणी, मग हवा चांगली म्हणून मुंबईच्या पारशी मंडळींचे बंगले आणि सॅनिटोरियमं. त्या घरांतून साहेबी फर्निचर होतं, ते पाहून गावातले सुतार तसंच करून द्यायला शिकले. म्हणून नाशिकच्या वाड्यांत कधी कधी असं टेबल दिसतं की वरचा आरसा आणि खांब इंग्रजी थाटाचे, आणि खण नि जोड मात्र आपल्या सुताराच्या हातचे.

मुळात या प्रकाराचं जुनं इंग्रजी नाव 'टॉयलेट टेबल', तेच गमतीशीर रस्त्यानं आलंय. 'टॉयलेट' हा शब्द फ्रेंच 'त्वाल', म्हणजे कापड, यावरून आला. साजशृंगाराच्या मेजावर घालायचं ते कापड. मग मेजाला आणि पुढे सगळ्या नटण्यालाच तो शब्द लागला.

आमच्या घरात आहे ते नंतरच्या पिढीचं. गोल मोठा आरसा, मधला भाग बुटका, दोन्ही बाजूंना खणांचे मनोरे, कोपरे गोलावलेले. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनानंतर जी आर्ट डेको शैली पसरली आणि मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींत दिसते, तीच घरातल्या लाकडात उतरली. त्याच्यावर वरचं लाकूड पातळ पापुद्र्याचं आहे, आत साधं. म्हणून घासताना फार जपावं लागतं, एकदा पापुद्रा फाटला की संपलं. ताईंचं त्याआधीच्या वळणाचं आणि सबंध लाकडाचं दिसतंय. दुरुस्तीला ते जास्त सोपं.

-----

फणेरपेटी | मंगळवार, सकाळी ६:४०

मी वयानं इथल्या बहुतेकांपेक्षा मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करतेय.

अगं, आमच्या लहानपणी ड्रेसिंग टेबल हे पाहुण्याच्या घरी बघायची वस्तू होती. आईची होती फणेरपेटी. शिसवी, झाकणाच्या आत आरसा, झाकण मागे टेकवलं की आरसा उभा राहायचा. आत लाकडी फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी, खोबरेल तेलाची बुटकी बाटली. आई पाटावर बसायची, पेटी पुढ्यात घ्यायची. आधी कपाळाला मेण, मग त्यावर बोटानं कुंकू गोल फिरवायचं, सांडलेलं फडक्यानं टिपायचं. वेणी घालायला मी तिच्या पुढ्यात बसायचे. पाच-सात मिनिटांत सगळं आवरून पेटी परत फडताळात. तिला जागा लागायची ती एका पाटाची.

म्हणून तुझी २८ इंच उंची वाचून मला जरा खटकलं. जुन्या वाड्यातली बाई, जी जमिनीवर वावरत होती, तिनं करून घेतलेलं टेबल खुर्चीच्या उंचीचं कसं? माझ्या आत्याकडे टेबल होतं, ते बुटकं होतं. ती चौरंगावर बसायची. तुझ्या आजेसासूबाई कशावर बसायच्या, कुणाला आठवतंय का विचार.

-----

रंधा | मंगळवार, सकाळी ११:५०

आजींचा प्रश्न अगदी नेमक्या जागी लागलाय.

फोटो मोठे करून पाहिले. ताई, चारही पायांना तळापासून चार इंचांवर आडवी रेघ आहे. मला आधी वाटलं कातकामाची कडी असेल. पण रेघेच्या वरचे उभे धागे खाली जात नाहीत, तिथेच संपतात, खाली दुसऱ्याच दिशेचे धागे सुरू होतात. आणि डाव्या मागच्या पायाला बाजूनं ठोकलेल्या खिळ्याचं डोकं दिसतंय. ज्या सुतारानं हातानं डव्हटेल पाडले तो पायाला खिळा मारणार नाही.

म्हणजे खालचे चार इंच नंतर लावलेले ठोकळे आहेत. टेबल मूळचं २४ इंच उंच होतं.

आणि फुगलेत, काळे पडलेत ते फक्त ठोकळेच. पाणी फूटभर होतं म्हणता, म्हणजे वरचा सागही आठ इंच बुडाला होता. त्याच्यावर पाण्याची पुसट रेघ सोडली तर काही नाही. ठोकळे बहुधा आंब्याचे आहेत. आंब्याचं लाकूड पाणी पितं, कुजतं, त्यात भुंगाही लवकर लागतो. बारीक एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली पिठासारखा भुसा आहे का ते बघा. असेल तर ठोकळे टेबलाबरोबर घरात आणायचे नाहीत, वाड्यातच काढायचे.

-----

घर_सजावट_कॉलेजरोड | मंगळवार, दुपारी १:१५

मी अंतर्गत सजावटीचं काम करते. ज्यांना नवं करायचंय त्यांच्यासाठी इथेच लिहिते, म्हणजे दोन्ही बाजू एका धाग्यात राहतील.

सुतारानं 'वॉटरप्रूफ प्लाय' म्हटलं की शीटवरचा शिक्का बघायला मागा. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन प्लाय. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला आयएस ३०३ पुरतं. पण फ्लॅटमध्ये अनेकदा बेडरूमची तीच भिंत पलीकडून बाथरूमची असते. तसं असेल तर ७१० घ्या आणि फर्निचर भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवा. आरसा भिंतीला थेट चिकटवू नका, मागे प्लायची पाठ द्या. नाहीतर तीन-चार पावसाळ्यांत नव्या आरशालाही काळी किनार येते.

एमडीएफला, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीला, मी सरसकट वाईट म्हणणार नाही. रंगकामाला त्याच्याइतकं गुळगुळीत काही नाही. पण कडा उघड्या राहिल्या की नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या बिस्किटासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत. स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा पकडत नाही. घर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आरसा किती मोठा हवा? पायापासून डोक्यापर्यंत दिसायला तुमच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, तुम्ही जवळ उभ्या राहा की लांब. पण तो योग्य उंचीवर हवा. ५ फूट ४ इंच उंचीच्या बाईचे डोळे साधारण ५ फुटांवर. खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर, म्हणजे ३० इंचांवर, आणि वरची ६२ इंचांवर. बत्तीस इंचांत निऱ्यांसकट साडी दिसते. गोदाकाठची ताई, तुमचा आरसा २८ च्या फळीवर ३६ इंचांचा आहे, म्हणजे उभं राहून बघायला उंचीनं नेमका बसतो. टेबल २४ वर आणलंत तर आरसा ६० वर संपेल आणि डोक्यावरचा गजरा बघायला वाकावं लागेल.

-----

सिडको_दोनबीएचके | मंगळवार, दुपारी ४:००

हे उंचीचं गणित मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. माझ्या माहेरच्या टेबलाचे पाय आज जाऊन बघते.

-----

मेकअप_पंचवटी | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

उजेडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी नवऱ्या सजवते, दिवसाला तीन-तीन घरं फिरते. सुंदर आरसे असतात आणि उजेड डोक्यावरून पडतो. डोळ्यांखाली सावली येते, मुलगी आजारी दिसते, मग त्यावर जास्त थर चढवला जातो आणि मांडवात उन्हात आली की चेहरा वेगळाच.

उजेड चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या उंचीवर हवा. एलईडी घेताना खोक्यावर दोन आकडे बघा. रंगाची उब ४००० केल्विनच्या आसपास, आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर. सीआरआय कमी असेल तर कुंकवाचा लाल आणि मरून यांतला फरक कळत नाही. आरशातच बसवलेल्या पट्टीत हे आकडे बरेचदा दिलेलेच नसतात, आणि पट्टी गेली की सगळा आरसा उतरवायचा. त्यापेक्षा दोन साधे दिवे बाजूला.

ताई, तुमच्याकडे शेजारीच खिडकी आहे. सकाळी तुमच्या चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड येईल, दुसऱ्या बाजूला एक दिवा पुरे. खिडकी पाठीमागे मात्र कधीही घेऊ नका.

-----

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:४५

दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. आज जेवण झाल्यावर आईंना (सासूबाईंना) सहज विचारलं, आजी कशावर बसून वेणी घालायच्या?

म्हणाल्या, "चौरंगावर. अजून माळ्यावर असेल तो."

मग मी फोनवर ठोकळ्यांचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग जे सांगितलं ते जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"मी १९७८ ला लग्न होऊन आले. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये, आमचं सगळं क्वार्टरमधलं, टेबल-खुर्चीचं. इथे आले तर सगळं जमिनीवर. आणि मला सकाळी सातच्या आत शाळेत पोचायचं. पाचवारी नेसून त्या बुटक्या टेबलापुढे चौरंगावर बसले की निऱ्या चुरगळायच्या, म्हणून मी उभ्यानंच वाकून आवरायचे. पंधरा दिवसांनी माहेरून परत आले तर टेबल उंच झालेलं, आणि पुढ्यात एक स्टूल. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यानंतर त्या स्वतः कधी त्या टेबलापुढे बसल्या नाहीत. खिडकीत हातातला आरसा घेऊन वेणी घालायच्या. मला वाटायचं, मी वापरते म्हणून त्यांना राग आलाय."

एवढं बोलून आई आत गेल्या. ज्या म्हणत होत्या काही नेऊ नका, त्याच पाण्याचा तांब्या घेऊन परत आल्या आणि विचारलं, "कधी आणणार?"

मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती लाइटच्या आरशाबद्दल आज काही बोलली नाही.

-----

फणेरपेटी | गुरुवार, सकाळी ५:५५

पहाटे वाचलं. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. हातातल्या आरशात वेणी घालायला किती अवघड असतं ते मला माहीत आहे, एक हात कायम अडकलेला.

-----

रंधा | गुरुवार, सकाळी ९:३०

ताई, मग आता नीटच करू. क्रम सांगतो.

आरसा आधी उतरवा. खांबांना दोन बाजूंना फिरकीचे स्क्रू असतील, ते हातानं सोडवा, एकानं आरसा धरून ठेवायचा. त्या मापाची पाच मिलिमीटरची काच एकटी साडेपाच किलोच्या घरात जाते, चौकट वेगळी. जुन्या चादरीत गुंडाळून उभाच न्या, आडवा ठेवायचा नाही. खण काढून त्यांना आकडे घाला, प्रत्येक खण आपल्याच खोबणीत बसतो. वाड्याचा बोळ किती रुंद आहे तेही मोजून ठेवा.

ठोकळे काढल्यावर टेबल महिनाभर सावलीत, हवेशीर ठेवायचं. ऊन दाखवायचं नाही, फळी तडकते. मग चार नवे ठोकळे जुन्या सागाचे, चारच इंचांचे, आणि या वेळी खिळा नको. पायात खाली भोक पाडून लाकडी खुंटीवर बसवायचे, म्हणजे पुढे कुणाला काढायचे झाले तर मूळ पायाला इजा होणार नाही. वाड्यातलीच एखादी मोडकी कडीपाटाची तुळई असेल तर तुकडा आणा, त्याच वयाचं लाकूड मिळेल.

पॉलिश पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, करू नका. कुणी सांगेल गरम कप ठेवला तरी डाग पडत नाही, ते खरं आहे. लाखेच्या पॉलिशवर गरम भांड्याचा पांढरा गोल उठतो आणि सांडलेलं अत्तर किंवा स्पिरिट ते विरघळवतं. पण त्याच गुणामुळे ते दुरुस्त होतं. लिटरभर स्पिरिटमध्ये दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर विरघळू द्यायचा, गाळायचा, कापसाचा बोळा मलमलीत बांधून हलक्या हातानं थरावर थर. जुना थर नव्याला आत घेतो. पीयूला ओरखडा पडला तर सगळं खरवडून परत करावं लागतं. आणि इथे तर मी खरवडाच म्हणणार नाही. आधी नुसतं ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, बघा काय निघतं. निम्मा काळेपणा तेलाचा आणि समईच्या काजळीचा असतो.

पावसाळ्यात रुंद खण अडकेल, त्याला रंधा मारायचा नाही. खालच्या पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा. दिवाळीनंतर तो आपोआप सैल होतो.

-----

काचवाला_नाशिकरोड | गुरुवार, दुपारी १२:४०

आरशाला हात लावायचा नाही असंच माझं मत. फक्त मागच्या फळीच्या आतून स्वच्छ कागदाचा एक थर द्या, धूळ आणि ओल कमी पोचेल. आणि खिडकी शेजारी आहे तर पावसाची झड आत येते का बघा. येत असेल तर टेबल कपाटाच्या बाजूला दोन इंच सरकवा, तुमच्याकडे तेवढीच जागा आहे.

-----

देवळाली_कॅम्प | गुरुवार, दुपारी ४:१५

मुठीसाठी तांबट लेनमध्ये एक जुनी मूठ नमुन्याला घेऊन जा. माझ्या टेबलाची कडी मला तिथेच तशीच घडवून मिळाली होती. नवी फार चकचकीत वाटली तर तशीच राहू द्या, दोन वर्षांत बाकीच्यांसारखी होते.

-----

सिडको_दोनबीएचके | गुरुवार, रात्री ८:३०

पाहून आले. माझ्या टेबलाला ठोकळे नाहीत, मूळचंच २५ इंच आहे. वर्तमानपत्रं काढली. हॉलच्या कोपऱ्यात बुटकं स्टूल ठेवून बसून बघितलं, आरशात चेहरा बरोबर मध्ये येतो. इतकी वर्षं मी त्याच्यापुढे उंच खुर्ची ठेवत होते.

-----

गोदाकाठची | रविवार, संध्याकाळी ७:२०

आज टेबल वाड्यातून निघालं. रंधादादांनी सांगितलं त्या क्रमानं केलं. बोळ २९ इंचांचा, टेबल आडवं करून पाय पुढे घालून काढलं, एक कोपराही लागला नाही. भुसा होता दोन ठोकळ्यांत, म्हणून ते वाड्यातच काढले. तुळईचा तुकडा मिळालाय, हातभर.

आता टेबल दिराच्या गॅरेजमध्ये सावलीत आहे, २४ इंचांचं. आई बघायला आल्या होत्या. माळ्यावरचा चौरंग सापडलाय, तो त्यांनी स्वतः पुसला आणि टेबलापुढे ठेवला. गुडघ्यांमुळे त्यांना त्यावर बसता येत नाही. माझ्या मुलीला म्हणाल्या, तू बस. ती बसली. आईंनी मागे स्टूल घेऊन तिची वेणी घातली, आरसा नव्हता तरी.

एक विचारायचं राहिलं. भुसा नसलेले दोन ठोकळे आई टाकू देत नाहीयेत. त्यांना कीड लागू नये म्हणून काय लावून ठेवू?

-----

रंधा | रविवार, रात्री ८:०५

कडक उन्हात चार दिवस ठेवा, ठोकळ्यांना ऊन चालतं. मग वाळवीच्या औषधाचे दोन हात, सगळ्या बाजूंनी, कापलेल्या तोंडांना जास्त. पूर्ण सुकल्यावर कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. सहा महिन्यांनी उघडून बघा. भुसा दिसला तर मला कळवा.